घरी बनवलेलं चाकांचं कपाट काम करताना सरकतं, कसं रोखावं?

गुण्या_नाशिक

नमस्कार मंडळी,

घराच्या पार्किंगमध्ये माझं सुतारकाम चालतं. संध्याकाळी तिथेच गाडी लागते, त्यामुळे सगळं सामान रोज भिंतीकडे सारावं लागतं. त्यासाठी १८ मिमी प्लायचं एक कपाट बनवलंय. चार फूट लांब, दोन फूट खोल, चाकांसकट ३४ इंच उंच. समोरून सहा ड्रॉवर, वर दुहेरी प्लायचा टॉप आणि डाव्या टोकाला बिडाचा वाइस. खाली ३ इंची पीयूची (पॉलियुरेथेनची) चार फिरती चाकं आहेत, पुढच्या दोन चाकांना पायाने दाबायचे ब्रेक. अडीच शीट प्लाय लागला. एक शीट साधारण ३५ किलोचं धरलं, वर हत्यारं आणि वाइस, तर सगळं मिळून २०० किलोच्या आसपास जातं.

दिसायला छान झालंय, ड्रॉवर लोण्यासारखे सरकतात. अडचणी तीन आहेत.

ब्रेक लावलेले असले तरी रंधा मारताना कपाट डुलतं. पूर्ण सरकत नाही, पण इंच-दीड इंच इकडे-तिकडे होतं. रंध्याचा प्रत्येक हात अर्धा वाया जातो.

पार्किंगची फरशी गेटकडे उतरती आहे, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. पाणसळ लावून पाहिलं, चार फुटांत सहा सूत (पाऊण इंच) उतार आहे. ब्रेक काढला की कपाट आपसूक गेटकडे निघतं.

वरचे दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडले की मागची बाजू हलकी झाल्यासारखी वाटते.

फरशीला भोक पाडायची तयारी आहे, पण अगदी शेवटचा उपाय म्हणून. खाली चेकर्ड टाइल आहे. तुमच्याकडे अशी कपाटं कशी रोखली आहेत ते सांगा.

बाल्कनीतला_सुतार

मस्त धागा. मी डोंबिवलीत फ्लॅटच्या बाल्कनीत काम करतो, माझं कपाट तुमच्या निम्म्याहून लहान आहे. माझा उपाय अगदी साधा: सालाच्या लाकडाच्या दोन-दोन पाचरी. कपाटाचा तळ आणि जमीन यांच्यामध्ये समोरासमोरून दोन पाचरी सरकवायच्या आणि लाकडी मोगरीने एकेक टोला द्यायचा. दोन्ही पाचरींचे उतार एकमेकांवर बसतात, त्यामुळे वरची बाजू सपाटच राहते आणि कपाट सरळ वर उचललं जातं. पाचरीचा उतार १:८ ठेवा. त्याहून उभी केली तर हादऱ्याने सुटून येते.

चाकाच्या पुढे पाचर लावू नका. ट्रकच्या चाकाला दगड लावतात तसं ते वाटतं खरं, पण चाक फिरतं असेल तर ते पाचरीवरून वळून निघून जातं. पाचर तळाखालीच हवी.

पटाशी

गुण्याभाऊ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ब्रेकमध्ये नाही. ब्रेक हा कपाट उभं करून ठेवण्यासाठी असतो, त्याच्यावर काम करण्यासाठी नाही. कपाट ज्या क्षणी कामाचं टेबल होतं, त्या क्षणी त्याचं वजन चाकांवरून उतरवून जमिनीवर टेकवलं पाहिजे. चाक फक्त हलवण्यापुरतं जमिनीला लागावं. माझं हे मत ठाम आहे आणि बाजारातली महागातली महाग ब्रेकवाली चाकं लावून पाहिलेल्या ओळखीच्या दोन मिस्त्रींचंही तेच म्हणणं आहे.

वजन उतरवायचे मार्ग बरेच आहेत. चार कोपऱ्यांत एम १२ चे (१२ मिमी जाडीचे) बोल्ट लावून पान्याने खाली सोडता येतात. स्वस्त आणि मजबूत. पण एम १२ च्या एका आट्यात बोल्ट पावणेदोन मिमी सरकतो, म्हणजे कपाट दोन सूत उचलायला प्रत्येक कोपऱ्यात साडेतीन फेरे. रोज सकाळी चार कोपरे, संध्याकाळी परत चार. महिन्यातून एकदा हलवायच्या कपाटाला हे चालेल, तुमच्या कपाटाला नाही.

तुमच्यासाठी मी पायाच्या फळीचा उपाय सुचवेन. कपाटाला आधी चार भक्कम लाकडी पाय द्या, जमिनीवर नीट टेकणारे. मग दोन्ही आखूड बाजूंना, तळाखाली, एकेक फळी बिजागरीने टांगा. फळी दुहेरी प्लायची, म्हणजे ३६ मिमी. बिजागरी आतल्या कडेला, बाहेरची कड कपाटाच्या बाहेर येईल इतकी लांब. प्रत्येक फळीखाली दोन चाकं. बिजागरीपासून चाकाचा मध्य ३ इंच आणि पाय ठेवायची जागा १२ इंचांवर घेतली, तर कपाटाचं ते टोक उचलायला साधारण ३३ किलोचा दाब पुरतो. एका टोकाला तुमचे १०० किलो येतात असं धरलंय. पायाने फळी पाऊण इंच दाबली की टोक दोन सूत वर येतं. तेवढ्यात बिजागरीवर टांगलेला एक लाकडी गुटका फळी आणि तळ यांच्यामध्ये झुलून पडतो आणि फळी तिथेच अडकते. आता कपाट चाकांवर.

खाली उतरवताना फळीवर जरा पाय द्यायचा, गुटक्याची दोरी ओढायची आणि पाय हळू सोडायचा. कपाट आपल्या पायांवर बसतं, चाकं सैल लोंबतात.

दोन गोष्टी सांभाळा. फळी दाबलेल्या अवस्थेत आडवी यायला हवी, म्हणजे चाकाचा खुंट (ज्याच्याभोवती चाक वळतं तो दांडा) उभा राहतो. तो कलता राहिला तर चाकं स्वतःच्या मर्जीने वळतात आणि कपाट सरळ ढकलता येत नाही. आणि गुटका कठीण लाकडाचा, लाकडाच्या रेषा (तंतू) उभ्या ठेवून कापलेला. प्लायचा गुटका काही महिन्यांत कडांना चेपतो.

गुण्या_नाशिक

पटाशी, हे वाचून कागद-पेन्सिल घेऊनच बसलो. एक विचारतो. ब्रेक दाबल्यावर चाक फिरत नाही हे मी हाताने तपासलंय. घट्ट बसतं. मग कपाट डुलतं कुठून?

बलत्रिकोण

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिरत्या चाकात दोन हालचाली असतात. चाक आपल्या आसाभोवती फिरतं ती एक, आणि चाकाचा सांगाडा उभ्या खुंटाभोवती वळतो ती दुसरी. साधा ब्रेक फक्त पहिली थांबवतो. चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू खुंटाच्या बरोबर खाली नसतो, मागे असतो. तीन-चार इंची चाकात हे अंतर ३० ते ४० मिमी असतं. म्हणून ब्रेक लावलेलं चाक म्हणजे ३० ते ४० मिमी लांबीची एक आडवी दांडी, जिचं एक टोक जमिनीला चिकटलंय आणि दुसरं कपाटाला खुंटाने जोडलंय. कपाट त्या दांडीभोवती झुलतं. तुमचा इंच-दीड इंच तिथून येतो.

दोन्ही चाकं एकाच दिशेला तोंड करून असतील तर दोन दांड्या समांतर होतात आणि कपाट सगळंच्या सगळं आडवं झुलतं. मागची दोन चाकं बिनब्रेकची असल्यामुळे ती अडवत नाहीत, आनंदाने सोबत जातात.

यावर बाजारात दुहेरी ब्रेकची चाकं मिळतात. त्यात एकाच खटक्याने चाक आणि खुंट दोन्ही अडकतात. दुकानात घेताना खटका दाबून चाक हातात धरा आणि वरची, कपाटाला जोडायची पट्टी पिळून बघा. पट्टी वळली तर तो साधाच ब्रेक.

चाकं बदलायची नसतील तर एक युक्ती. चारही चाकांना ब्रेक लावा आणि ब्रेक दाबण्याआधी चाकांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना वळवा. सगळ्या दांड्या समांतरही नकोत आणि सगळ्यांच्या रेषा एका बिंदूतून जाणाऱ्याही नकोत. चारही चाकं कोपऱ्यांतून तिरकी बाहेर वळवली की छान दिसतं, पण मग चारही रेषा कपाटाच्या मध्यातून जातात आणि कपाट मध्याभोवती वळू शकतं. दोन चाकं लांबीच्या दिशेला, दोन रुंदीच्या दिशेला असं केलं की झुलणं बरंच थांबतं. खुंटाच्या बेअरिंगमधली ढिलाई मात्र राहतेच. रंध्यासाठी पटाशींचाच उपाय खरा.

उताराचा हिशेबही सोपा आहे. चार फुटांत सहा सूत म्हणजे ६४ ला १. २०० किलोचं कपाट उताराकडे साधारण ३ किलोच्या जोराने ओढलं जातं. गुळगुळीत जमिनीवर कडक चाकाला लोळायला वजनाच्या एक-दोन टक्के जोर पुरतो, म्हणजे २ ते ४ किलो. तुमचं कपाट बरोबर त्या काठावर आहे. एखाद्या दिवशी उभं राहील, एखाद्या दिवशी निघेल.

बाल्कनीतला_सुतार

ही दांडीची गोष्ट मला माहीत नव्हती. आत्ता उठून बाल्कनीत पाहून आलो, अगदी तसंच झुलतं. वाचनखूण साठवली.

उद्यमनगरकर

राम राम. माझं फॅब्रिकेशनचं काम आहे कोल्हापुरात, त्यामुळे मी लोखंडाच्या बाजूने बोलणार.

पायाची फळी चांगलीच आहे, पण २०० किलोच्या वर गेलं की बिजागरीचे स्क्रू प्लायमधून उपसायला लागतात. तिथे लाकडी स्क्रू चालवू नका. आरपार एम ८ चे बोल्ट, वर मोठा वॉशर, नायलॉक नट (आतल्या नायलॉनमुळे सैल न होणारा). चाकांनाही तेच.

आमच्याकडे मशीनच्या ट्रॉल्यांना आम्ही कोपऱ्याचे जॅक लावतो. ५०×५०×५ चा अँगल, त्याला एम १६ चा नट वेल्ड केलेला, त्यातून आटे पाडलेला लांब रॉड. रॉडच्या वर आडवी मूठ, खाली गोल चकती. मूठ कमरेच्या उंचीवर येते, वाकायला नको. एम १६ चा आटा २ मिमीचा, तीन फेऱ्यांत ६ मिमी. चार मुठी फिरवायला मिनिटभर. चकती रॉडवर सैल बसवा, वेल्ड करू नका. जमीन उतरती असेल तर चकती स्वतःला जमिनीशी जुळवून घेते, आणि रॉड फिरताना चकती फिरत नाही, फरशी घासत नाही.

तुमच्या पार्किंगच्या उताराला याचा मोठा फायदा म्हणजे चारही कोपरे स्वतंत्र वर-खाली करून टॉप पाणसळीत आणता येतो. पायाच्या फळीत ते जमत नाही. तिथे पाय आधीच उताराप्रमाणे कमी-जास्त कापावे लागतील आणि कपाट रोज त्याच जागी, त्याच तोंडाने उभं करावं लागेल.

पटाशी

उद्यमनगरकर, पाणसळीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. यावर मधला मार्ग आहे. पाय लाकडीच ठेवायचे आणि चारही पायांच्या तळात एम १२ चा बोल्ट बसवायचा. रोजचं उचलणं-उतरवणं फळी करेल. बोल्ट एकदाच फिरवून टॉप सरळ करायचा, लॉक नट आवळून ठेवायचा.

पायात बोल्टसाठी टी-नट (लाकडात ठोकायचा, दातेरी चकतीचा नट) ठोकणार असाल तर त्याची चकती पायाच्या खालच्या बाजूला यायला हवी. कपाटाचं वजन बोल्टला वर ढकलतं आणि बोल्ट टी-नटला वर ढकलतो. चकती खाली असली की दात लाकडात आणखी रुततात. वरून ठोकला तर तोच जोर त्याला बाहेर काढतो. आणि नटच्या वर लाकडात भोक खोल ठेवा, बोल्टला वर यायला जागा हवी.

निवृत्त_फिटर

सर्व प्रतिसाद वाचले. तरुण मंडळी मनापासून सांगत आहेत, बरं वाटलं.

मी कारखान्यात आयुष्य काढलं, आता घरी लहान लेथ आणि एक चाकांचं कपाट आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. म्हणून वय झालेल्यांसाठी दोन शब्द. जी गोष्ट वाकून करावी लागते, ती माणूस हळूहळू करेनासा होतो. पाचर उत्तम, पान्याचा बोल्ट उत्तम, पण दोन्हींसाठी जमिनीपर्यंत जावं लागतं. चार दिवस लावाल, पाचव्या दिवशी 'पाच मिनिटांचं तर काम आहे' म्हणून तसंच सुरू कराल. आणि पटाशी हातात असताना नेमकं तेव्हाच कपाट हलतं. त्यामुळे पायाने किंवा उभ्याने चालेल अशीच रचना करा, भले दोन पैसे जास्त जाऊ देत.

माझ्याकडे टॉगल क्लॅम्प आहेत. जिगला (साच्याला) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, दाबून धरायला वापरतात तेच, सरळ पुढे ढकलणारे. ते उभे लावले, दांडीच्या टोकाला रबरी बूड. उभ्याउभ्या तरफ खाली केली की दांडी जमिनीवर दाबून बसते आणि खटका मधल्या रेषेच्या पलीकडे गेल्याने उलट येत नाही. कपाट पूर्ण उचललं जात नाही, चाकांवरचं थोडं वजन कमी होतं एवढंच. लेथच्या सामानाच्या कपाटाला पुरतं. रंधा मारायला पुरणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

रबर आणि फरशी यांच्यामध्ये भुसा राहू देऊ नका. कोरड्या स्वच्छ फरशीवर रबर वजनाच्या निम्म्याहून जास्त आडवा जोर सहन करतं. तुमच्या २०० किलोला १०० किलो सहज. रंध्याचा जोर दहा-पंधरा किलो. पण खाली भुशाचा बारीक थर असेल तर तेच रबर घसरतं. कपाट उतरवण्याआधी जागा झाडून घ्यावी.

गुण्या_नाशिक

काका, झाडून घेण्याचं कुणी सांगितलं नव्हतं. लक्षात ठेवतो. चेकर्ड टाइलवर रबर कसं बसेल? खाचांमुळे टेकणारी जागा कमी होते ना?

निवृत्त_फिटर

जागा कमी झाली तरी घर्षणात विशेष फरक पडत नाही, भार तोच आहे. मात्र बूड लहान असेल तर त्याची कड खाचेत अर्धी उतरते आणि कपाट तिरकं बसतं. बूड किमान दोन खाचा व्यापेल एवढं घ्या. ३ इंच व्यासाचं पुरे. रबर मऊ नको, कन्व्हेयर बेल्टचा जुना तुकडा मिळाला तर उत्तम. तो दबत नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. लाकडी खेळणी आणि जुन्या फर्निचरची दुरुस्ती करते. कोकणातल्या हवेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

स्वस्तातल्या चाकांचा खुंट आणि ब्रेकचा पत्रा आमच्याकडे दोन पावसाळ्यांत गंजतो. मग ब्रेक दाबला तर सुटत नाही आणि सुटला तर लागत नाही. चाकं घेताना जस्ताचा मुलामा चांगला बघून घ्या, जमलं तर स्टेनलेस. पावसाळ्याच्या तोंडाला खुंटात ग्रीस भरायचं. तेल नको, तेलावर भुसा बसून त्याचा लगदा होतो.

दुसरं, लाकडी पाय जमिनीवर टेकले की तळाच्या उघड्या रेषांतून ओल वर चढते. पायाच्या बुडाला इपॉक्सीचे दोन हात द्या, त्यावर रबर किंवा नायलॉनची चकती. उघड्या प्लायच्या कडेला तर हे हवंच.

तिसरं जरा वेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला गावात पूर आला, तेव्हा ज्यांचं सामान जमिनीत नाहीतर भिंतीत पक्कं ठोकलेलं होतं त्यांना ते हलवता आलं नाही. म्हणून मी ठोकण्याच्या विरोधात आहे. कपाट रोखा, पण दोन मिनिटांत सुटेल असं रोखा. नदीकाठच्या, खाडीकाठच्या लोकांनी हे नक्की धरावं.

आणि फरशीला भोक पाडायचंच ठरलं, तर तळमजल्यावर, जमिनीवरच्या कोब्यातच. गच्चीत किंवा वरच्या मजल्यावर अजिबात नाही. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्यांच्या छतातून गळायला लागतं आणि ती गळती शोधणं फार अवघड. फरशीखालून पाण्याचा पाइप किंवा विजेची नळी गेली आहे का, तेही आधी बघा.

गराजवासी

वाशिष्ठीताई, पुरासाठी सोडवता यावं हे पटलं. माझ्याकडे प्रश्न उलटा आहे. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, हेवर्ड फॉल्टच्या, म्हणजे भूकंप घडवणाऱ्या भेगेच्या, अगदी जवळ. इथे गराजची जमीन दाराकडे उतरती असतेच, बांधकामाच्या नियमांतच ते आहे, त्यामुळे गुण्यांची दुसरी अडचण मला रोज भेटते. पण खरी काळजी भूकंपाची. इथे पाण्याचा हीटर भिंतीला पट्ट्यांनी बांधणं कायद्याने सक्तीचं आहे, मग २०० किलोचं कपाट मोकळं कसं सोडायचं?

मी भिंतीच्या लाकडी स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या खांबांमध्ये) दोन जाड आयबोल्ट (डोक्याला कडी असलेले बोल्ट) बसवलेत. स्टड १६ इंचांच्या अंतरावर असतात, ते शोधूनच, नुसत्या जिप्सम बोर्डात काही टिकत नाही. कपाटाच्या मागे, वरच्या तिसऱ्या भागात, दोन कड्या आणि मध्ये आखूड साखळी. काम करताना साखळी काढतो, काम संपलं की लावतो. साखळी वर लावण्याचं कारण असं की कपाट सरकण्यापेक्षा उलटणं जास्त धोक्याचं.

तुमच्याकडे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, तिथे अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) जास्त पक्का बसेल.

वाशिष्ठीकाठ

साखळी सुटते, त्यामुळे माझा आक्षेप नाही. आणि भूकंप आम्हाला परका नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात. छोटे धक्के तर आम्हीही अनुभवलेत. ही साखळी मी माझ्या उंच कपाटाला लावणार आहे.

बलत्रिकोण

उलटण्याचा विषय निघालाच आहे तर गुण्यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो मला तिघांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.

कपाट पुढे उलटतं ते जमिनीला टेकलेल्या पुढच्या बिंदूभोवती. चाकं कडेपासून आत असतात. समजा खुंट कडेपासून ६० मिमी आत आहे आणि चाक मागे वळलेलं असल्याने टेकण्याचा बिंदू आणखी ३५ मिमी आत गेला. म्हणजे उलटण्याची रेषा दर्शनी बाजूच्या ९५ मिमी आत.

आता कपाट १८० किलोचं धरू, त्यात भरलेले तीन ड्रॉवर प्रत्येकी २५ किलोचे, खोली ६०० मिमी. तिन्ही ड्रॉवर पूर्ण उघडले की त्यांचा भारमध्य दर्शनी बाजूच्या साधारण २५० मिमी पुढे येतो. उलटण्याच्या रेषेपासून ३४५ मिमी. ७५ गुणिले ३४५ म्हणजे २५,८७५. धरून ठेवायला राहिले १०५ किलो, रेषेपासून २०५ मिमी मागे. १०५ गुणिले २०५ म्हणजे २१,५२५. कपाट उलटलं.

हेच कपाट पुढच्या कडेच्या बरोबर खाली असलेल्या पायांवर उभं असेल तर उलटवणारा आकडा ७५ गुणिले २५०, म्हणजे १८,७५०. धरणारा १०५ गुणिले ३००, म्हणजे ३१,५००. बिनधास्त उभं राहील.

तेच वजन, तेच ड्रॉवर. फरक फक्त पाय कुठे टेकले याचा. तेव्हा पाय कोपऱ्यांच्या टोकाला द्या, आत घेऊ नका. जड सामान खालच्या ड्रॉवरमध्ये. आणि घरात लहान मुलं असतील तर ड्रॉवरला कुलूप हवंच, मुलं उघड्या ड्रॉवरांच्या पायऱ्या करून चढतात.

उद्यमनगरकर

हा प्रतिसाद छापून वर्कशॉपमध्ये लावतो. आमची पोरं ट्रॉलीचे सगळे ड्रॉवर एकदम उघडून ठेवतात.

एक भर. कपाट चाकांवर असताना, म्हणजे ढकलताना, हा धोका राहतोच. त्यासाठी समोरून एक सपाट पट्टी उभी अडकवा, सगळ्या ड्रॉवरांच्या पुढून जाणारी, वर बिजागरी नाहीतर खुंटी आणि खाली कडी. ढकलायच्या आधी पट्टी लावायची. उतारावर ड्रॉवर आपोआप उघडतात तेही थांबतं.

बाल्कनीतला_सुतार

हलक्या कपाटासाठी अजून एक लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. साठ-सत्तर किलोपर्यंत असेल तर फळी, जॅक काहीच नको. एका टोकाला दोन फिक्स चाकं अशी लावा की कपाट पायांवर उभं असताना चाकं जमिनीपासून एक-दोन मिमी वर राहतील. दुसऱ्या टोकाला मूठ. मूठ धरून टोक उचललं की चाकं टेकतात, मग हातगाडीसारखं न्यायचं. खाली ठेवलं की लगेच पायांवर. रोखायचं वेगळं काही उरतच नाही.

फ्लॅटवाल्यांनी पायाखाली काळं रबर थेट पांढऱ्या टाइलवर ठेवू नये, काही महिन्यांत पिवळट-तपकिरी डाग उमटतो आणि तो निघत नाही. मध्ये नायलॉनची किंवा पीयूची चकती घाला.

पटाशी

रबराचा विषय आहे तर चाकांचंही ऐका. मऊ रबराची चाकं महिनोन्महिने भाराखाली एकाच जागी राहिली की खालून चपटी होतात, मग ढकलताना धडधड आवाज येतो. वजन पायांवर उतरवलं की चाकांचं आयुष्यही वाढतं.

चाकांचा भार निवडताना एकूण वजनाला चाराने नाही, तीनाने भागा. फरशी कुठेच शंभर टक्के सपाट नसते, बऱ्याचदा तीनच चाकं भार घेतात. २०० किलोला प्रत्येक चाक किमान ७० किलोचं.

गुण्या_नाशिक

मंडळी, काम झालं. थोडा उशीर झाला कळवायला, मधे पाऊस होता.

पायाची फळी आणि बुडात एम १२ चे बोल्ट, हा पटाशींचा मधला मार्ग घेतला. पाय बलत्रिकोण म्हणाले तसे अगदी कोपऱ्यात. बिजागऱ्या आरपार एम ८ ने. बुडाला इपॉक्सी, त्याखाली कन्व्हेयर बेल्टच्या ३ इंची चकत्या, त्या भंगारवाल्याकडे मिळाल्या. गुटके बाभळीचे. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला आणि लॉक नट आवळले. जमिनीवर पायांच्या जागा ऑइल पेंटने रंगवून ठेवल्यात, त्यामुळे रोज त्याच जागी उतरतं.

रंधा मारून पाहिला. सागाची चार फुटी फळी, जाड छिलका काढला. कपाट जागचं हललं नाही. छिलका टोकापासून टोकापर्यंत अखंड, गुंडाळत खाली पडला. तो हातात धरून बघत बसलो. तिन्ही वरचे ड्रॉवर उघडले तरी मागची बाजू जमिनीला चिकटून राहिली. उद्यमनगरकरांची उभी पट्टीही लावलीय.

एकच गोष्ट राहिलीय. उतरवताना उताराकडचं टोक आधी खाली घेतलं की वरच्या टोकाची चाकं अजून जमिनीवर असतात आणि कपाट जरासं वळतं, पायाची खूण अर्ध्या इंचाने चुकते. कुणाकडे उपाय?

पटाशी

उताराच्या वरच्या बाजूचं टोक आधी उतरवा. ते पाय टेकले की कपाट वरून धरलं जातं आणि खालच्या टोकाची चाकं उताराच्या दिशेने सरळ मागे राहतात, वळत नाहीत. उचलताना उलट क्रम: उताराकडचं टोक आधी चाकांवर, वरचं नंतर. आणि वरचं टोक उचलायच्या आधी खालच्या चाकांचे ब्रेक लावलेले असू देत, नाहीतर शेवटचा पाय सुटताच ते गेटकडे निघेल.

गुण्या_नाशिक

आत्ताच करून पाहिलं. चारही पाय रंगाच्या खुणांवर बसले. त्या खालच्या दोन चाकांना तुमचा दुहेरी ब्रेकही लावून घेतो, बलत्रिकोण. रविवारी भद्रकालीत हार्डवेअरची दुकानं उघडी असतात का, नाशिककरांनी सांगावं.